शेजारी यंत्रमाग, घरात इलेक्ट्रिक गिटार

पत्र, थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या २६ वर्षांच्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. त्या लॅबमध्ये नोकरी करतात. घर दोन खोल्यांचं, भिंतीपलीकडे यंत्रमागांची शेड. सकाळपासून अंधार पडेपर्यंत माग चालू. त्यांच्याकडे तीन सिंगल कॉइल पिकअपची इलेक्ट्रिक गिटार, १० वॅटचा छोटा ॲम्प आणि जुना पण चालता लॅपटॉप आहे. छोटा अडॅप्टर लावून गिटार लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात जोडतात आणि ऑडासिटी या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करतात. आवाज बारीक, पत्र्यासारखा येतो. सूर लांबवला की मध्येच बुडतो. मागे यंत्रमागाची खडखड स्पष्ट ऐकू येते. ॲम्पला लावली तर सतत ‘घूं’. भावाचे मित्र म्हणतात, खोली साउंडप्रूफ करा. दुकानदार म्हणतो, मोठा ॲम्प आणि माइक घ्या. त्यांच्या स्वतःच्या मनात शहराच्याच जुळे सोलापूर भागात एक शांत खोली भाड्याने घ्यायचं किंवा पुण्याच्या स्टुडिओत जायचं आहे. साठवलेले ३० हजार आहेत. आई म्हणते, मागाच्या आवाजाने आधीच कान किटलेत, त्यात ही भर कशाला? त्या विचारतात: शांत जागा नसेल तर घरी रेकॉर्डिंगचा नाद सोडून द्यावा का? आणि आधी चांगली गिटार घ्यायला हवी का?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात एक वाक्य असं आहे की त्यावरून बाकीच्या तक्रारींचा उलगडा होतो. गिटार वायरने जोडलेली आहे आणि तरी रेकॉर्डिंगमध्ये मागाची खडखड स्पष्ट येते, असं तुम्ही लिहिता. गिटारच्या वायरीतून तसं येऊ शकत नाही. पिकअप म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. समोरची पोलादी तार हलली की त्या चुंबकीय क्षेत्रात फरक पडतो आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. हवेतून येणाऱ्या आवाजाचं तिला जवळजवळ काहीच वाटत नाही. शेजारी मागाचा धोटा कितीही आपटू दे, तुमच्या गिटारच्या तारा त्याने हलत नाहीत. मग ती खडखड आली कुठून? लॅपटॉपच्या आत बसवलेल्या माइकमधून.

आजच्या बहुतेक लॅपटॉपना एकच भोक असतं, हेडफोन आणि माइक दोन्हींसाठी. आत चार संपर्क असतात: डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि माइक. तुमचा अडॅप्टर गिटारच्या जाड प्लगचा साधा छोटा प्लग करतो. तो त्या भोकात गेला की गिटारचं टोक डाव्या कानाच्या आउटपुटला टेकतं आणि माइकचा संपर्क ग्राउंडला चिकटतो. लॅपटॉपला वाटतं, हेडफोन लावलाय. म्हणून तो आवाज घेण्यासाठी स्वतःचा माइकच वापरत राहतो. तुम्ही आजवर जे रेकॉर्ड केलंत ते पिकअपचा आवाज नव्हे. न जोडलेल्या गिटारच्या तारांची हवेतली टिचकी आणि सोबत अख्खी गल्ली, असं ते रेकॉर्डिंग आहे. आवाज पत्र्यासारखा वाटणारच.

खात्री करून घ्या. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर न्या, रेकॉर्डिंगचं बटण दाबा आणि स्क्रीनच्या वरच्या कडेला, मग कीबोर्डच्या आजूबाजूला नखाने टकटक करा. मीटरचा काटा उडाला की चोर सापडला.

सूर लांबवला की बुडतो, त्यालाही गिटार जबाबदार नाही. लॅपटॉपचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी असतो. सतत एकाच पट्टीत येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी असणार, असं धरून सॉफ्टवेअर तो दाबतं. तुमचा लांबवलेला सूर त्याच्या लेखी पंखाच. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये माइकच्या खाली ‘ऑडिओ एनहान्समेंट्स’ असतं, ते बंद करता येतं. पण आपल्याला हा माइकच वापरायचा नसल्यामुळे त्यात फार वेळ घालवू नका.

आता खोलीबद्दल. तुमच्या भोवतीच्या सगळ्यांनी, आणि तुम्हीही, एक गोष्ट धरून चालली आहे: रेकॉर्डिंग म्हणजे ॲम्प मोठ्याने वाजणार, त्यासमोर माइक लागणार, म्हणून खोली शांत हवी. त्या पद्धतीत हे शंभर टक्के खरं आहे. पण इलेक्ट्रिक गिटारला दुसरी वाट आहे. पिकअपची वीज थेट संगणकात घ्यायची आणि ॲम्प, स्पीकर, माइक हे सगळं सॉफ्टवेअरने उभं करायचं. या वाटेत हवा कुठे येतच नाही, त्यामुळे खोली शांत आहे की नाही याला महत्त्व उरत नाही. कुकरची शिट्टी, पंखा, माग, गड्डा यात्रेच्या दिवसांतले भोंगे, काहीही चालू दे. म्हणून जुळे सोलापूरची खोली तूर्त घेऊ नका. डिपॉझिट आणि दोन-तीन महिन्यांचं भाडं यातच तुमची बचत संपेल आणि तिथेही तुम्ही तोच अडॅप्टर त्याच भोकात लावाल.

साउंडप्रूफिंगचा सल्ला तर सरळ बाजूला ठेवा. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून बाहेरचा आवाज थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि हवाबंद फटी लागतात, म्हणजे दुहेरी भिंत, दुहेरी खिडकी, दाराला रबर. मागाचा हादरा तर भिंतीतून आणि जमिनीतून येतो. आपल्या जाड सोलापुरी चादरी भिंतीवर टांगल्या तर खोलीतला घुमारा, तोही वरच्या पट्टीतला, थोडा कमी होतो. गाणं किंवा बोलणं रेकॉर्ड करताना गाणाऱ्याच्या मागे चादर टांगणं जरूर उपयोगी. पलीकडचा माग तिने थांबणार नाही.

तुम्हाला लागणारी मुख्य वस्तू म्हणजे ऑडिओ इंटरफेस. यूएसबीने लॅपटॉपला जोडायची छोटी पेटी. घेताना एकच गोष्ट आधी पाहा: तिच्या इनपुटवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं बटण किंवा इनपुट आहे ना. पिकअप हा नाजूक स्रोत आहे. साध्या सिंगल कॉइलचा रोध मीटरवर सहा ते आठ किलोओहम दिसतो, पण कॉइलच्या गुणधर्मामुळे वरच्या पट्टीत तो कितीतरी पटींनी वाढतो. लॅपटॉपच्या माइक इनपुटचा रोध काही किलोओहमचाच असतो. त्यात गिटार दिली तर वरच्या पट्टीतली चमक तिथेच मरते आणि आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा होतो. म्हणजे योग्य चार संपर्कांचा अडॅप्टर आणला असतात तरी काम भागलं नसतं. इन्स्ट्रुमेंट इनपुटचा रोध साधारण एक मेगाओहम असतो, ॲम्पच्या इनपुटइतका. पिकअपला तो ओझं वाटत नाही.

बाजारात एक-दोन इनपुटचे बरेच आहेत. बेहरिंगरचा यूएम२ स्वस्तातला, पण तो १६ बिट (आवाज मोजण्याची बारकाई) आणि ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार नमुने) इथपर्यंतच जातो आणि विंडोजवर त्याला बाहेरचा एएसआयओ४ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर लावावा लागतो. एएसआयओ म्हणजे आवाज कमी उशिराने आत-बाहेर नेणारी ड्रायव्हरची पद्धत. त्याच कंपनीचा यूएमसी२०२एचडी २४ बिटचा, स्वतःच्या ड्रायव्हरसह. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो हाही सुरुवातीला अनेक जण घेतात. तीस हजारांच्या बचतीत तुम्ही २४ बिट आणि कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असलेला सहज घेऊ शकता. याहून खाली उतरू नका, याहून वर जायचीही गरज नाही. सोबत तीन मीटरची चांगली, जाळी असलेली गिटार केबल घ्या. केबल जितकी लांब तितकी वरची पट्टी कमी होते, त्यामुळे दहा मीटरची घेऊन गुंडाळून ठेवू नका. स्पीकरची वायर गिटारला कधीच लावू नका. तिला जाळी नसते, ती घरभरची घूं गोळा करते. आणि वायरवाला, कान झाकणारा हेडफोन. ब्लूटूथ नको. त्याने आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो आणि हात तालातून सुटतो.

एक इशारा. तुमचा १० वॅटचा ॲम्प ठेवा, सरावाला उपयोगी आहे. पण त्याचा स्पीकरकडे जाणारा आउटपुट इंटरफेसमध्ये घालू नका, इंटरफेस जळू शकतो. हेडफोनचं भोक असेल तर ते लाइन इनपुटला, व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून देता येतं. इंटरफेस आल्यावर मात्र गिटार थेट त्यातच.

पेटी आली की आधी कंपनीच्या साइटवरून एएसआयओ ड्रायव्हर टाका आणि मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच निवडा. बहुतेकांची गाडी इथे अडते. विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर निवडलेला राहतो आणि तार छेडल्यावर आवाज कानात पोचायला इतका वेळ लागतो की लोक लॅपटॉप बदलायला निघतात. ऑडासिटी तुम्ही वापरता ते कापाकापीला उत्तम, पण वाजवता वाजवता ॲम्पचा आवाज लावून ऐकण्यासाठी ते नाही. रीपर घेऊन पाहा. आकाराने लहान आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येतं. वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा.

सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि बफर १२८ ठेवून सुरुवात करा. हे आकडे काय करतात ते समजून घ्या, म्हणजे पुढे स्वतःच्या हाताने फिरवता येतील. बफर म्हणजे संगणक एका वेळी किती नमुने गोळा करून मग हात घालतो. ४८ हजार नमुन्यांचा एक सेकंद, म्हणून १२८ नमुने म्हणजे २.७ मिलिसेकंद. हे आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा. त्यात यूएसबीचा आणि रूपांतराचा वेळ धरला तर एकूण उशीर साधारण आठ-दहा मिलिसेकंद. हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे तुम्ही ॲम्पपासून तीन मीटरवर उभ्या असता तितकाच हा उशीर. बहुतेकांना जाणवत नाही. बफर ५१२ केला की एका दिशेलाच १०.७ मिलिसेकंद होतात आणि जलद वाजवताना बोटं अडखळू लागतात. १०२४ ला वाजवायच्या भानगडीत पडू नका, तो मिक्सिंगच्या वेळी ठेवायचा.

इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचं बटण असतं. ते चालू केलं की गिटारचा कोरा आवाज संगणकात न जाता सरळ हेडफोनला येतो. ॲम्पचं सॉफ्टवेअर वापरताना ते बंद ठेवा. नाहीतर कोरा आवाज आणि थोडा उशिरा येणारा ॲम्पचा आवाज असे दोन्ही एकत्र ऐकू येतात, पोकळ आणि विचित्र. ‘सॉफ्टवेअर खराब आहे’ अशी पुष्कळांची तक्रार खरं तर या एका बटणाची असते.

मध्ये मध्ये टिक-टिक, चर-चर येऊ लागली तर संगणकाला वेळ पुरत नाही असं समजा. बफर २५६ करा. वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा, ब्राउझर मिटवा, पॉवर सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’वर न्या, इंटरफेस हबमधून न लावता थेट लॅपटॉपला लावा. आणि आपल्याकडे आणखी एक कारण हमखास असतं, उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गादीवर ठेवलेला लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो. सकाळी नीट चाललेलं गाणं दुपारी चरचरतं ते यामुळे. लॅपटॉप टणक पाटावर ठेवा, मागची बाजू दोन बोटं उचला, पंखा खुशाल फुल ठेवा. त्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येणार नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे.

आवाजाची पातळी. गाण्यात जितक्या जोरात वाजवणार त्याहून थोडं जोरात, सहाही तारा छेडा. मीटरवर सर्वात उंच टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल इतकाच गेन (इंटरफेसवरचा इनपुटचा जोर) द्या. उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. लाल दिवा लागला की तो टेक गेला, नंतर कशाने सुधारत नाही. ‘जितकं मोठं तितकं चांगलं’ हा समज टेपच्या आणि १६ बिटच्या काळातला. २४ बिटमध्ये खाली इतकी जागा असते की हळू रेकॉर्ड केलं म्हणून खरखर येत नाही. ॲम्पच्या सॉफ्टवेअरला कमी वाटलं तर त्याच्या स्वतःच्या इनपुटच्या बटणाने वाढवा.

आता या कोऱ्या आवाजाला गिटारचं रूप देणं. न्यूरल ॲम्प मॉडेलर हा मोफत आणि खुला प्लगइन आहे, म्हणजे रीपरच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर. खऱ्या ॲम्पच्या वागण्याची नोंद करून बनवलेल्या फाइली त्यात भरता येतात आणि त्याही लोकांनी मोफत दिलेल्या भरपूर मिळतात. क्रम असा: नॉइज गेट (न वाजवताना आवाज बंद करणारा), हवा असेल तर ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारा), मग ॲम्प, मग कॅबिनेट (स्पीकरची पेटी), मग इक्वलायझर (पट्ट्या कमी-जास्त करणारा), शेवटी रिव्हर्ब (खोलीचा घुमारा). यातलं कॅबिनेट विसरू नका. गिटारचा १२ इंची स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. डिस्टॉर्शनमधली, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजातली, वरची चिरचिर तोच गिळतो. फक्त ॲम्प लावून कॅबिनेट नसेल तर डब्यात मधमाश्या कोंडल्यासारखा आवाज येतो आणि लोक ‘संगणकावर गिटार कधी खरी वाटत नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतात. कॅबिनेटसाठी आयआर नावाच्या छोट्या वेव्ह फाइली लागतात, त्यांत खऱ्या स्पीकरच्या आवाजाची नोंद असते. त्या वाजवायचा आयआर लोडर न्यूरल ॲम्प मॉडेलरमध्येच आहे. काही ॲम्प फाइलींमध्ये मात्र कॅबिनेट आधीच धरलेलं असतं. तिथे पुन्हा आयआर लावलात तर आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा होईल, म्हणून फाइलीचं वर्णन वाचा. इक्वलायझरने ८० हर्ट्झखालचं कापा. सर्वात जाड तारेचा सूरच ८२ हर्ट्झचा असतो, त्याखाली गिटारचं काही नसतं.

या पद्धतीत खोलीचा आवाज येत नाही, पण म्हणून सगळी शांतता मिळते असं नाही. कानाला ऐकू न येणारा एक शेजारी मात्र आत शिरतो, वीज. तुमच्या ॲम्पमधली ‘घूं’ तीच. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. मोटर, ट्रान्सफॉर्मर, चोक यांच्याभोवती त्याच लयीत चुंबकीय क्षेत्र हलत असतं आणि सिंगल कॉइल पिकअपला तारेचं हलणं आणि हे हलणं यात फरक कळत नाही. डिस्टॉर्शन लावलं की बारीक आवाज वर खेचले जातात, म्हणून स्वच्छ आवाजात न जाणवणारी घूं तिथे अंगावर येते. म्हणजे शेजारचा माग तुम्हाला त्रास देतो हे तुमचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं, फक्त त्रास त्याच्या आवाजाचा नसून मोटरचा असू शकतो. तोही आहेच असं धरू नका, तपासा.

तपासायचं असं. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. घूं गेली तर ती पिकअपमधून येतेय. राहिली तर केबल, इंटरफेस किंवा लॅपटॉपच्या पुरवठ्यातून येतेय. दुसऱ्या प्रकारात आधी चार्जर काढून बॅटरीवर ऐका. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो. मग केबल बदलून पाहा. पहिल्या प्रकारात व्हॉल्यूम वर करून तारांना हात लावा. हात लावल्यावर आवाज कमी झाला तर गिटारची अंतर्गत जोडणी ठीक आहे, आजूबाजूला विद्युत गोंगाट आहे इतकंच. हात लावल्यावर वाढला तर ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची तार तुटलेली असू शकते किंवा सॉकेटच्या तारा उलट लागलेल्या असतील. सोल्डरिंग येणाऱ्याचं ते दहा मिनिटांचं काम.

त्यानंतर खुर्चीवर बसल्या जागी हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घूं वाढते आणि साधारण काटकोनात गेल्यावर जवळजवळ नाहीशी होते. ती जागा आणि दिशा सापडली की खडूने खूण करा. शेडच्या भिंतीपासून जितकं लांब बसाल तितकं चांगलं. मोटरचं क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने पडतं, एक-दोन मीटरनेही फरक दिसतो. पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ऐका. बऱ्याच गिटारींत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, तिथे दोन कॉइलमधली घूं एकमेकींना खोडते. दुपारी आणि माग बंद झाल्यावर असं दोनदा, गिटार हातात धरून न वाजवता दहा सेकंद रेकॉर्ड करून तुलना करा. दोन्हींत सारखंच असेल तर मागाला उगाच दोष देताय, तुमच्याच खोलीत शोधा. जुना चोकवाला ट्यूबलाइट, स्वस्त एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, पंख्याचा फिरवायचा रेग्युलेटर. यातला रेग्युलेटर अनेकदा निघतो. तो अर्ध्यावर असताना चिरचिर करतो आणि फुलवर गप्प बसतो.

गिटारच्या पोकळीत तांब्याची टेप लावायचा सल्ला कोणीतरी देईलच. दिव्यांची आणि रेग्युलेटरची चिरचिर त्याने कमी होते. मोटरची चुंबकीय घूं नाही. तिच्यावर खरा उपाय म्हणजे हम्बकर, म्हणजे घूं खोडणारा दोन कॉइलचा पिकअप, किंवा सिंगल कॉइलच्याच आकारात बसणारे तसे पिकअप. पण ते दिशा, जागा आणि स्विच करून झाल्यावरही भागलं नाही तरच.

अर्थिंगबद्दल गंभीरपणे सांगतो. जुन्या घरांत बोर्डाला तिसरं भोक असतं, पण मागे तार नसते. वायरमनला बोलावून तपासून घ्या. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर किंवा गिटारच्या तारांना बारीक झिणझिण्या येत असतील तर दोन पिनांच्या चार्जरमधून ती गळती असते. सणसणीत धक्का बसत असेल तर वाजवणं थांबवा. घूं घालवण्यासाठी ॲम्पची जाड अर्थ पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ती पिन जिवासाठी आहे.

एक गंमत यातून निघते. लाइट गेली की आपण वैतागतो, पण त्याच वेळी घराची आणि बहुधा मागांचीही वीज एकदमच जाते. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवर. सिंगल कॉइल पिकअपसाठी याहून स्वच्छ वेळ नाही. फक्त घरचा इन्व्हर्टर बंद ठेवा, त्यातल्या काहींची चिरचिर मुख्य विजेपेक्षा वाईट असते.

वाजवायला बसल्यावर एक शिस्त पाळा: रेकॉर्ड कोराच आवाज करायचा, ॲम्प फक्त ऐकण्यासाठी. रीपरमध्ये ॲम्प ट्रॅकच्या ‘एफएक्स’मध्ये टाकला की हे आपोआप होतं. मग सहा महिन्यांनी कान तयार झाल्यावर तोच टेक वेगळ्या ॲम्पमधून काढता येतो, पुन्हा वाजवावं लागत नाही. जागाही फार खात नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, एका चॅनेलचा एक मिनिट म्हणजे साडेआठ एमबीच्या थोडं वर. रिदम रुंद हवी असेल तर तोच भाग दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे. एकदा वाजवून त्याची नक्कल दुसऱ्या बाजूला टाकली तर रुंदी येत नाही, फक्त आवाज वाढतो. प्रत्येक टेकच्या आधी ट्यूनर पाहा, क्लिक (तालाची टिकटिक) लावून वाजवा.

मोठा ॲम्प आणि माइक ही चुकीची खरेदी आहे असं मी म्हणणार नाही, ती तुमच्या घरासाठी चुकीची आहे. माइक ग्रिलपासून दोन-तीन सेंटिमीटरवर लावायचा, पन्नास वॅटचा ॲम्प रंगात येईल इतका वाढवायचा, आणि हे सगळं दोन खोल्यांच्या घरात, माग बंद झाल्यावर, म्हणजे नेमकं घरच्यांच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळी. त्यातून जो आवाज येईल त्याहून चांगला आयआर फाइलीतून येतो. पुण्याच्या स्टुडिओचं म्हणाल तर ड्रम किंवा गाणं रेकॉर्ड करायला जरूर जा, गिटारचे कोरे ट्रॅक पेन ड्राइव्हमध्ये घरूनच न्या. नवा लॅपटॉपही नको. एक गिटार आणि दहा-बारा ट्रॅक जुन्या आय५ वर आणि ८ जीबी रॅमवर चालतात. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर एसएसडी टाकून घ्या, तेवढं पुरे.

आईंचं म्हणणं वेगळं काढून पाहा. त्यांचा विरोध गिटारला आहे की घरात आणखी एका आवाजाला, हे पत्रावरून सांगता येत नाही, पण विरोध आवाजालाच आहे असं धरून तुम्ही चर्चा सुरू करा. हेडफोन लावून वाजवलं तर त्यांना तारांची टिचकी ऐकू येईल, बस. हे तोंडी न समजावता एकदा त्या भाजी निवडत बसल्या असताना शेजारी बसून वाजवा. आणि एकदा हेडफोन त्यांच्या कानावर ठेवा.

ज्या वाचकांकडे लॅपटॉपच नाही त्यांनी ओटीजी केबलने चालणारा इंटरफेस फोनला लावून पाहावा. अँड्रॉइड फोनमध्ये उशीर फोनागणिक बदलतो, म्हणून विकत घेण्याआधी मित्राचा लावून पाहणं बरं. ज्यांची गिटार अकूस्टिक आहे आणि माइकनेच घ्यायची आहे त्यांना वरची सूट नाही. त्यांना माग बंद होण्याची वाट पाहावी लागेल, पंखाही बंद करावा लागेल.

राहिला नव्या गिटारचा प्रश्न. आत्ता नको, कारण तुम्ही अजून आहे ती गिटार रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेलीच नाही. नव्या तारांचा संच घाला, एक दिवस ताणू द्या आणि प्रत्येक तार वरच्या फ्रेटवरही सुरात राहते का, हे बाराव्या फ्रेटवर तपासा. आधी बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक (घंटेसारखा बारीक सूर) काढा, मग तिथेच दाबून सूर काढा. ट्यूनरवर दाबलेला सूर चढा दिसला तर ब्रिजवरचं त्या तारेचं सॅडल (तार टेकते तो छोटा तुकडा) मानेपासून मागे न्या, उतरलेला दिसला तर मानेकडे पुढे. प्रत्येक वेळी स्क्रू फिरवल्यावर तार पुन्हा सुरात आणूनच परत तपासा.